एका एकराच्या रुंदीला सोळा हाइड

इंग्लंडातल्या वॉलिंगफर्डच्या किनक्रॉफ्टवर पोचल्यावर बाबांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि चालायला लागले. हात पाठीमागे, मान थोडी खाली, ओठ हलताहेत. पावलं मोजताहेत हे मला लांबूनच कळलं. सातारा जिल्ह्यात मोजणी खात्यात त्यांची ३४ वर्षं गेली. निवृत्तीनंतरही त्यांचं पाऊल अडीच फुटांचंच पडतं.

किनक्रॉफ्ट म्हणजे गावाच्या पश्चिम अंगाचं मोकळं कुरण. त्याच्या कडेने मातीचा उंच बांध जातो, गवताने पूर्ण झाकलेला, बाहेरच्या बाजूला खंदक. पोरं त्यावरून लोळत खाली येतात, कुत्री फिरवणारे वरून चालतात. गावाला तीन बाजूंनी असा बांध होता आणि चौथ्या बाजूला थेम्स. अकराशे वर्षांपूर्वी डेन लोकांच्या धाडींपुढे राज्य टिकवायला वेसेक्सचा, म्हणजे दक्षिण इंग्लंडातल्या राज्याचा, राजा अल्फ्रेड आणि त्याचे वारस यांनी गढ्यांची एक माळच उभी केली. कुठल्याही खेड्यातून निघालं तरी दिवसभराच्या चालीत एखादी गढी गाठता यावी, अशा बेताने. तिच्यातली ही एक मोठी गढी. त्यांच्या भाषेत बुर्ह.

"बुर्ह? म्हणजे बुरूज का?" बाबांनी विचारलं होतं. मला तो प्रश्न इतका आवडला की त्याचं उत्तर शोधायच्या भानगडीत मी अजून पडलेली नाही.

मी रेडिंगला राहते, इथून गाडीने अर्ध्या तासावर. नोकरी संगणकाची. इतिहासाशी माझा संबंध शाळेपुरताच होता. तो पुन्हा जुळला एका जुन्या पुस्तकामुळे. इथल्या एका रद्दी-पुस्तकांच्या दुकानात, वाचनालयाने काढून टाकल्याचा शिक्का मारलेलं, निळसर कापडी बांधणीचं एक पुस्तक हाताला लागलं. लेखक चार्ल्स वॉरन हॉलिस्टर, वर्ष १९६२, नाव 'अँग्लो-सॅक्सन मिलिटरी इन्स्टिट्यूशन्स ऑन द ईव्ह ऑफ द नॉर्मन कॉन्क्वेस्ट'. नॉर्मन आक्रमणाच्या आधीच्या इंग्लंडची लष्करव्यवस्था. मला वाटलं तलवारी असतील, घोडे असतील, रक्त असेल. पहिल्याच प्रकरणांत निघाला तो हिशोब. किती जमिनीमागे किती माणूस, किती दिवस, कुणाच्या खर्चाने, आला नाही तर दंड किती. मी ते बंद करून ठेवणार होते. मग मला बाबांची आठवण झाली, कारण हे सगळं त्यांच्या दप्तरातलं होतं.

बाबा उन्हाळ्यात दोन महिने राहायला आले तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा 'हाइड' समजावून सांगायला बसले. हाइड म्हणजे मुळात एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन. पण कुठे ती ४० एकर निघते, कुठे १२०. मी म्हणाले, "बाबा, यांना क्षेत्रफळसुद्धा नीट ठरवता आलं नाही."

"ठरवायचंच नव्हतं," बाबा म्हणाले. "तो आकार आहे. जमीन किती, हा प्रश्न नाही. तिच्यावर बसवलंय किती, हा प्रश्न आहे."

जे वाक्य समजायला मला पुस्तकाची चाळीस पानं लागली ते त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं. हाइड हे मोजमाप नव्हतंच, ती आकारणी होती. राजाला माणूस, मजुरी, पैसा जे काही हवं असेल ते हाइडवर बसायचं.

मग मी त्यांच्यापुढे तो जुना कागद ठेवला. दहाव्या शतकाच्या सुरुवातीची तीसेक गढ्यांची यादी, आणि प्रत्येक गढीपुढे तिला लावून दिलेल्या हाइडांचा आकडा. विंचेस्टरला २४००, वॉलिंगफर्डलाही २४००. एवढे मोठे आकडे या दोघांनाच. यादीच्या शेवटी कोणा कारकुनाने हिशोबाची रीत लिहून ठेवली आहे. एका एकराच्या रुंदीएवढा तट राखायचा तर सोळा हाइड लागतात. एका हाइडमागे एक माणूस धरला, तर तटाच्या प्रत्येक पोलवर चार माणसं उभी राहतात.

पोल म्हणजे साडेसोळा फूट. एकराची रुंदी चार पोल, म्हणजे ६६ फूट.

बाबांचा चेहरा उजळला. "अगं, ही आपली साखळी!" त्यांनी टेबलावर बोटानेच गुंठा काढला. ३३ फूट बाय ३३ फूट, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आपल्याकडे जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात मोजणी आणली तेव्हा एकर त्यांच्याबरोबरच आला, आणि त्या एकराच्या पोटात हा पोल होता. अर्धी साखळी म्हणजे एक पोल. दोन साखळ्या म्हणजे त्या कारकुनाची एकराची रुंदी. कोरेगावच्या शिवारात बाबा ज्या मापाने बांधाचे तंटे सोडवत होते, त्याच मापाने या गावाच्या तटावर माणसं उभी केली होती.

पुढचा हिशोब त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला केला. २४०० माणसं, चाराला एक पोल, म्हणजे ६०० पोल, म्हणजे ९९०० फूट. मी त्यांना सांगितलं की विंचेस्टरचा जुना रोमन तट मोजला तर तोही जवळपास तेवढाच भरतो, फरक थोड्याशा फुटांचा. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मोजणारा चांगला होता."

म्हणूनच आम्ही वॉलिंगफर्डला आलो. तटावर एकेका माणसाच्या वाट्याला चार फूट दीड इंच जागा येते. बांधाच्या माथ्यावर उभं राहून बाबांनी दोन्ही कोपरं बाहेर काढून दाखवली. भाला हातात धरून एक माणूस उभा राहील आणि शेजारच्याला कोपर लागणार नाही, एवढीच ती जागा. मीही त्यांच्या डावीकडे तसंच अंतर सोडून उभी राहिले. खाली कुरणात एक बाई आमच्याकडे बघत होती.

त्या चार फुटांत कोण उभं होतं, हा हॉलिस्टर यांचा प्रश्न. आणि मला वाटतं या विषयाचा जीव तिथेच आहे.

अँग्लो-सॅक्सन सैन्याला फिर्ड म्हणत. हॉलिस्टर यांनी मांडलं की फिर्ड एक नव्हती, दोन होत्या. एक निवडक. दर पाच हाइडांमागे एक धड शस्त्र-चिलखताचा शिपाई, दोन महिने चाकरीला. दुसरी मोठी फिर्ड, म्हणजे आपल्या मुलुखावर संकट आलं की उभा राहणारा प्रत्येक स्वतंत्र माणूस, शेतकऱ्यासकट. पहिलीचा भक्कम पुरावा नेमका याच गावाच्या नोंदीत आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे नॉर्मन राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, बर्कशायरची सुरुवात वॉलिंगफर्डपासून होते (१९७४ पर्यंत हे गाव बर्कशायरमध्येच होतं), आणि तिथे जुनी वहिवाट लिहिली आहे. राजाने कुठे सैन्य पाठवलं तर पाच हाइडांतून एकच शिपाई जाई, आणि त्याच्या खाण्यापिण्यासाठी व मोबदल्यासाठी प्रत्येक हाइडने चार शिलिंग द्यायचे, दोन महिन्यांचे. पैसे राजाकडे जायचे नाहीत, शिपायाच्याच हातात पडायचे. बोलावणं येऊन जो गेला नाही त्याची सगळी जमीन राजाकडे जमा.

पाच चोक वीस शिलिंग. त्या वहीतला शिलिंग बारा पेन्सचा, म्हणजे २४० पेन्स साठ दिवसांना. रोजचे चार पेन्स. राजाच्या तिजोरीला वळसा घालून हे पैसे सरळ शिपायाकडे जात होते, हे वाचून मला फार बरं वाटलं. पाचही हाइडांनी मिळून निघालेल्याची शिदोरी बांधून द्यायची, अशी ती रीत आहे.

वाद झाला तो दुसऱ्या फिर्डवर. इतिहासकार एरिक जॉन यांनी साठच्या दशकातच विरोध केला. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीत शिकवणाऱ्या रिचर्ड एबल्स यांनी या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि मोठ्या फिर्डखालची जमीनच काढून घेतली. त्यांचं म्हणणं असं, की लढायचं कर्तव्य माणूस स्वतंत्र आहे म्हणून त्याच्यावर पडत नव्हतं. ते पडायचं तो कुणाचा तरी माणूस आहे म्हणून, किंवा त्याने सनदेने जमीन घेतली आहे म्हणून. सनदेच्या जमिनीवर बाकी सगळे देणे माफ झाले तरी तीन गोष्टी सुटत नसत. सैन्य, पूल आणि गढी. ७४९ साली मर्सियाच्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या राज्याच्या, एथेलबाल्ड राजाने चर्चच्या जमिनींना सूट दिली, तेव्हाही पूल आणि गढीचं काम त्याने माफ केलं नाही. या तिन्हींना इतिहासकार तीनशे वर्षं 'ट्रिनोडा नेसेसिटास' म्हणत आले, तिहेरी गाठ या अर्थाने. १९१४ मध्ये डब्ल्यू. एच. स्टीव्हन्सन यांनी दाखवून दिलं की मूळ शब्द 'ट्रिमोडा' होता, तोही एका बनावट सनदेतला, आणि सतराव्या शतकात जॉन सेल्डन यांनी एक अक्षर चुकीचं वाचलं होतं. मोडी वाचणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

मग शेतकरी लढला की नाही?

मी या प्रश्नामागे महिनोन्महिने होते, आणि मला त्या काळातले तीन कुणबी भेटले. त्यांच्या भाषेत 'चेऑर्ल'. पुढे याच शब्दाचा इंग्रजीत 'चर्ल' झाला आणि त्याला असभ्य माणूस असा अर्थ चिकटला. मी त्याला कुणबीच म्हणते.

पहिला कुणबी खोटा आहे. ६७९ साली ट्रेंट नदीकाठच्या लढाईत इम्मा नावाचा एक तरुण सरदार जखमी होऊन प्रेतांमध्ये पडला. शत्रूने त्याला पकडलं. जीव वाचवायला तो म्हणाला, मी लढवय्या नाही, गरीब शेतकरी, लग्न झालेला, माझ्यासारख्यांबरोबर सैन्याला धान्य पोचवायला आलो होतो. त्यांना ते पटलं. पण जखमा भरत आल्या तशी त्याची चालण्या-बोलण्याची ढब लपेना, आणि त्याचं बिंग फुटलं. बीड या साधूने हे लिहून ठेवलं आहे. एबल्स यांच्या बाजूचा याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. शेतकरी रणांगणावर असू शकतो, पण पाठीवर पोतं घेऊन, हे शत्रूलाही सहज पटत होतं. शेतकऱ्याची भाषा मात्र सरदाराला जमली नाही.

दुसरे कुणबी निनावी आहेत. ८९२ मध्ये डेन लोकांचा मोठा तांडा केंटच्या किनाऱ्याला लागला, नदीतून आत शिरला आणि एका गढीवर तुटून पडला. इतिवृत्तकार एका ओळीत आटपतो. गढी अर्धवट बांधलेली होती आणि आत थोडेसे कुणबी होते. बस. त्यांचं काय झालं तेही तो लिहीत नाही. या गढीला किती हाइड लावून दिले होते, किती माणूस यायला हवा होता, कुणी यायचं टाळलं, काही नाही. मी या ओळीवरून पुढे जाऊ शकत नाही. एक तर ते बांधकामावरचे मजूर असतील, किंवा राखणीला ठेवलेले असतील. काही झालं तरी तटाच्या त्या चार फुटांत, अपुऱ्या मातीवर, उभे तेच होते.

तिसऱ्याला नाव आहे. ९९१ च्या ऑगस्टमध्ये एसेक्समध्ये मॉल्डनजवळच्या खाडीकाठी बिर्ह्टनॉथ हा वयस्क सुभेदार व्हायकिंगांशी लढताना पडला. त्या लढाईवरचं काव्य सुरू होतं तेच मधूनच. घोडे हाकलून द्या, पायी लढा, असा हुकूम सुटतो, आणि एक तरुण आपल्या हातावरचा लाडका ससाणा रानाकडे सोडून देतो. त्याला कळलेलं असतं की ही शिकारीची दुपार नाही. मालक पडल्यावर काही पळतात. जे उरतात ते एकेक करून बोलतात, आणि त्या सरदार-शिलेदारांच्या मध्ये डनर नावाचा एक साधा कुणबी भाला उंचावून म्हणतो, ज्याला मालकाचा सूड घ्यायचा आहे त्याने आता मागे हटू नये आणि जिवाची पर्वा करू नये. आपल्या वाटणीच्या दोन-तीन ओळी म्हणून तो गर्दीत मिसळून जातो.

कवीने त्याला मुद्दाम घातलं असेल, सगळ्या थरांतली माणसं दाखवायला. पंडित असं म्हणतात आणि ते बरोबर असू शकेल. पण मी सातारची आहे. मावळ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला वाटणारच की तो कुणबी तिथे खरंच होता. पुरावा तोलून पाहिला की एबल्स यांचं पारडं जड आहे, हे मी मान्य करते. तरीसुद्धा हॉलिस्टर यांचं पुस्तक मी पुन्हा पुन्हा काढते. कारण शिपाई कोण होता, त्याचं पोट कोण भरत होतं, तो किती दिवस घराबाहेर राहू शकत होता, हे विचारायला त्यांनी शिकवलं. अल्फ्रेडने ८९३ मध्ये सैन्याचे दोन भाग केले. नेहमी अर्धे घरी, अर्धे बाहेर, आणि गढ्या राखणारे त्याहून वेगळे. हे वाक्य मी हॉलिस्टर यांच्या आधी वाचलं असतं तर डावपेच म्हणून वाचलं असतं. आता मला त्यात पेरणी दिसते, कापणी दिसते.

हे सगळं आपल्यापर्यंत कसं पोचलं ते सांगितलंच पाहिजे. गढ्यांच्या यादीची जुनी प्रत सर रॉबर्ट कॉटन यांच्या संग्रहात होती. ऑक्टोबर १७३१ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ॲशबर्नहॅम हाउसमध्ये आग लागली आणि तो ग्रंथ बहुतेक जळून गेला. त्याच आगीत मॉल्डनच्या काव्याचं एकमेव हस्तलिखित गेलं, अल्फ्रेडचं समकालीन चरित्रही गेलं. त्या प्रतीतला मजकूर वाचला तो लॉरेन्स नोवेल नावाच्या अभ्यासकाने १५६२ मध्ये, आगीच्या १६९ वर्षं आधी, तो उतरवून घेतला होता म्हणून. एकराच्या रुंदीला सोळा हाइड, हा हिशोबाचा परिच्छेद त्याच्या नकलेत राहिला. काव्याचीही नक्कल झाली होती, ती १७२६ मध्ये, आगीच्या पाचच वर्षं आधी छापली गेली. डनर पाच वर्षांनी वाचला. १८९७ मध्ये इतिहासकार मेटलंड यांनी त्या यादीला 'बर्गल हायडेज' हे नाव दिलं आणि तिच्यावर खरा विचार सुरू झाला.

हॉलिस्टर कॅलिफोर्नियाचे. जन्म १९३० चा, लॉस एंजेलिसमधला, सारी कारकीर्द सांता बार्बराच्या विद्यापीठात. मध्ययुगीन युरोपवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्यांनी वाचलं. सैन्यावरच्या पुस्तकांनंतर त्यांनी मनाशी धरला तो पहिला हेन्री, ११०० ते ११३५ या काळातला राजा, ज्याच्या राज्यात कचेरी, तिजोरी आणि हिशोब यांना रूप आलं. त्यावर ते कित्येक वर्षं काम करत होते. २७ जून १९९० ला सांता बार्बराच्या डोंगरउतारावर वणवा पेटला. पेंटेड केव्हची आग म्हणतात तिला. काही तासांत चारशेहून जास्त घरं गेली. त्यांत हॉलिस्टर यांचं घर होतं. ग्रंथसंग्रह, टिपणं, हेन्रीच्या चरित्राचं हस्तलिखित, सगळं त्यात गेलं.

साठीला आलेला तो माणूस पुन्हा लिहायला बसला. पहिल्या पानापासून. १९९७ मध्ये ते वारले तेव्हाही पुस्तक पुरं झालं नव्हतं. त्यांची शिष्या अमांडा क्लार्क फ्रॉस्ट यांनी ते पूर्ण केलं आणि २००१ मध्ये ते निघालं. ज्यांच्या विषयाचे कागदच एका आगीतून निसटलेले होते, त्यांच्या बाबतीत हे व्हावं, याचा विचार मी अनेक रात्री केला आहे. नोवेल होता म्हणून तो हिशोब वाचला. हॉलिस्टर यांच्याकडे नोवेल नव्हता, त्यांना स्वतःच स्वतःची नक्कल करावी लागली, आठवणीतून.

पहिला हेन्री पुरला आहे तो माझ्या गावात. रेडिंगचा मठ त्यानेच बांधला. आता उरल्यात त्या गारगोटीच्या उघड्या भिंती, माझ्या कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर. मी जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायची तेव्हा मला हेन्री माहीतच नव्हता. बाबांना तिथे नेलं तेव्हा त्यांनी भिंतीची जाडी वितीने मोजली आणि विचारलं, "त्यांचं जळालेलं पुस्तक आणि नंतरचं पुस्तक, दोन्ही सारखं असेल का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

वॉलिंगफर्डला त्या दिवशी बाबा बांधाच्या टोकाला जवळजवळ पोचले होते. एवढ्यात एक मोठं तपकिरी कुत्रं चेंडूमागे धावत त्यांच्या पायांत आलं. बाबा थांबले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मालकिणीने दोनदा माफी मागितली. मी वर चढून त्यांच्याजवळ गेले.

"किती झाली?"

"चुकली," ते म्हणाले. आणि चष्मा नीट बसवून, हात पाठीमागे घेऊन, जिथून सुरुवात केली होती त्या कोपऱ्याकडे परत चालायला लागले.